गेरूची तीन बोटं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. विश्वास ठेवायला नाही, चुका काढायला. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला, आधी तलासरीला, मग डहाणूला. त्यामुळे कुणी 'अंगावर काटा आला' असं लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो — त्या दिवशी ताप होता का? माझ्या वर्गात पोरी भुताखेतांच्या गोष्टी करताना दिसल्या की मी त्यांना फळ्याकडे बोलवायचे आणि एक उदाहरण सोडवायला द्यायचे. भूत तिथल्या तिथे उतरायचं. आजही माझं मत बदललेलं नाही. तरी हे लिहायला बसलेय, कारण एक उदाहरण मला स्वतःला सुटलेलं नाही आणि वय आता ऐंशीच्या पुढे गेलंय. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर बघा.

गोष्ट १९६५ सालची. मी एकवीस वर्षांची होते. सासर घोलवडला, स्टेशनवरून समुद्राच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की आमची चिकूची वाडी. घरात माणसं तीनच — सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, आणि मी. चौथे आमचे 'हे'. ते फौजेत नाईक होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यात धड तीन महिनेसुद्धा आम्ही एका घरात राहिलो नव्हतो.

माझं माहेर डहाणूचं, वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी चौकशी अशी केलीच नाही. "तीन बोटांची वाडी ना? माल चोख असतो त्यांचा," म्हणाले, आणि होकार कळवून मोकळे झाले. मुलाचं शिक्षण, पगार वगैरे आईने मागाहून विचारलं.

तीन बोटांचं आधी सांगायला हवं. चिकूच्या करंड्या रेल्वेने मुंबईला जायच्या. बऱ्याच वाड्यांचा माल एकाच डब्यात, म्हणून करंडीवर प्रत्येकाची आपापली खूण असायची. कुणाची हिरवी चिंधी, कुणाचा चुन्याचा पट्टा. आमच्या सासूबाई गेरूच्या डब्यात उजव्या हाताची तीन बोटं बुडवायच्या आणि करंडीच्या तोंडाला शिवलेल्या गोणपाटावर उमटवायच्या. त्यांचं मधलं बोट वरच्या पेरापासून गेलेलं होतं, पेंढा कापताना विळ्याखाली आलेलं. त्यामुळे दोन्ही बाजूंना लांब बोटं आणि मध्ये एक बुटकं, अशी ती खूण पडायची. दुसऱ्या कुणाला ती तशी काढताच यायची नाही.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या सांगायच्या आणि मी ह्यांना पत्र लिहायचे. मजकूर संपला की त्या बोटं बुडवून खाली तीच खूण करायच्या. "ही माझी सही," म्हणायच्या. "तू काय पण लिहिशील गो, मला कुठं वाचता येतंय? ही बघितली म्हणजे त्याला समजेल, आई बाजूला बसलीय." पलटणीतली मुलं ह्यांना यावरून फार चिडवायची. घरून पत्र येतं की चिकूचं पार्सल, म्हणायची.

सप्टेंबरात लढाई पेटली. ह्यांची पलटण पंजाबात पुढे कुठेतरी गेल्याचं कळलं, 'कुठेतरी'च्या पलीकडे काही नाही. इकडे आमच्या किनाऱ्यावर ब्लॅकआउट लागला. तिन्हीसांजेनंतर उजेडाची फट दिसली की गावातले स्वयंसेवक बाहेरून दटावायचे. घराच्या खिडक्यांना काळा कागद लावला, पण करंड्या भरायची शेड तीन बाजूंनी उघडी होती. भाद्रपदात चिकूचा भर नसतो, तरी थोडा माल निघतोच. संध्याकाळी कंदील लावल्याशिवाय करंड्या वेळेत स्टेशनवर पोचायच्या नाहीत. मग मी डोकं चालवलं. तिन्ही बाजूंनी गोणपाटं ठोकली, आतून पेंढ्याचे भारे भिंतीसारखे रचले, आणि उजेड वर जाऊ नये म्हणून कंदिलावर एक रिकामी करंडी पालथी घातली. बाहेर येऊन बघितलं तर मिट्ट काळोख. मामंजी खूश झाले. "शिकलेली सून आणली ती कामाला आली," म्हणाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई आत एकट्याच खुणा करत बसल्या होत्या. पितृपक्ष नुकताच लागला होता. वेवजीहून कामाला येणाऱ्या बायका उजेडीच घरी गेल्या होत्या. मी विहिरीवर होते. धुराचा वास आला, पण जाळ दिसेना... दिसणार कसा, दिसू नये अशी सोय मीच केली होती. गोणपाट ओढून काढेपर्यंत आतला सगळा पेंढा पेटला होता. मामंजींनी त्यांना बाहेर काढलं. डहाणूला दवाखान्यात नेलं, तिथे तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात राग होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवस सुरू असतानाच मामंजींनी मला समोर बसवलं.

"त्याला कळवायचं नाही," म्हणाले.

"मामंजी, त्यांची आई गेलीय."

"म्हणूनच सांगतो. तिकडं गोळ्या चालल्यात. हे वाचून त्याचं चित्त थाऱ्यावर राहील? एक माणूस घालवून बसलोय, दुसरा नाही घालवायचा मला." मग आवाज खाली आणला. "तिच्या नावानं लिही नेहमीसारखं. आणि खाली खूण कर. खूण दिसली नाही तर तो ओळखेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण खरं लिहायचं तर गोणपाटांचंही लिहावं लागलं असतं. लोकांना वाटलं, सून नवऱ्याला जपतेय. निम्मं मी स्वतःला जपत होते. आणि भीती तर दोन्हीकडून. ह्यांचं तिकडे काही बरंवाईट झालं, तर आई गेल्याचं न कळताच ते जाणार. सुखरूप परत आले, तर मी आईच्या मरणालाही त्यांना मुकवलं म्हणून माझं तोंड बघणार नाहीत.

पत्र लिहिलं. आई ठीक आहे, गुडघे दुखतात, वेळेवर जेव म्हणून सांगते, वगैरे. गेरूचा डबा शेडबरोबर गेला होता, मामंजींनी दुकानातून नवा आणून दिला. बोटं बुडवायला हात पुढे केला आणि तो डब्यापर्यंत जाईना. खोटा मजकूर लिहिताना काही वाटलं नव्हतं, म्हणजे वाटलं होतं पण लिहून झाला. खूण मात्र नाही जमली. पत्र तसंच मिटून खिडकीत ठेवलं आणि सकाळी डिंक लावून पेटीत टाकलं.

"खूण केलीस?" मामंजींनी विचारलं.

"केली," मी म्हटलं.

दोन आठवड्यांनी ह्यांचं उत्तर आलं. एव्हाना युद्धबंदी झाली होती, पण पलटणी समोरासमोर तशाच बसून होत्या. ह्यांनी लिहिलं होतं, 'आईची खूण बघून जीवात जीव आला. या वेळी ओली असतानाच घडी घातलीस वाटतं, समोरच्या बाजूलाही उमटलीय. जरा वाळू देत जा.'

मी ते दोनदा वाचलं. मामंजींनी चष्मा लावून एकदा वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं केलंस पोरी. निभावलं."

खूण आली कुठून? पण थोड्या वेळाने उत्तर सापडलं. पत्र रात्रभर खिडकीत न चिकटवलेलं पडून होतं आणि घरात दुसरं माणूस एकच. मामंजींनी ते उघडून बघितलं असणार, खूण नाही म्हणून स्वतःच केली असणार, आणि मला लाज वाटू नये म्हणून बोलले नसणार. हिशोब जुळला, मी गप्प बसले.

तरी ताळा करून बघायची खोड तेव्हापासूनच. दुसरं पत्र मी पोस्टात बसून लिहिलं. आमचे पोस्टमास्तर गुजराती होते, अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायचे. "बेन, घरी शाई संपली के शुं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच स्टूल पुढे सरकवलं. "बसा, बसा. जवानाचा कागळ आहे, निरांते लिहा." तिथेच लिहिलं, तिथल्याच डिंकाने बंद केलं आणि त्यांच्या देखत पेटीत टाकलं. अर्थात खूण न करता.

उत्तर आलं. 'आईच्या हाताला काय झालंय का? या वेळची खूण थरथरल्यासारखी वाटली.'

हे पत्र मी मामंजींना दाखवलं नाही. पिठाच्या डब्यामागे लपवलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

दिवाळीत माहेरी गेले. आमचं रेल्वे क्वार्टर, डहाणू रोडला. तिथून तिसरं पत्र लिहिलं आणि त्यात सासूबाईंचं नावच घातलं नाही. 'मला तुम्हाला काही सांगायचंय, ते तुम्ही आल्यावर सांगेन' एवढंच लिहिलं. मी बंद केलं आणि वडिलांबरोबर स्टेशनवर जाऊन स्वतःच्या हाताने मेलच्या टपाल डब्यात टाकलं. या पत्राला उत्तर आलंच नाही. डोक्यात नको ते विचार यायला लागले. आई-वडिलांना सांगावं तर काय सांगायचं? एका गोष्टीची भीती वाटते म्हणावं, तर कशाची, तेच मला धड माहीत नव्हतं.

उत्तराऐवजी जानेवारीत हे स्वतःच आले. तार नाही, काही नाही. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती आणि हमालाच्या डोक्यावर काळी ट्रंक देऊन हे फाटकातून आत येताना दिसले. वाळले होते, काळे पडले होते, पण धडधाकट होते. मला इतका आनंद झाला की क्षणभर बाकी सगळं विसरले.

ओटीवर बसून त्यांनी एक बूट काढला. "आई वाडीत आहे का?"

मामंजी उठले आणि विहिरीकडे निघून गेले. म्हणजे सांगायचं माझ्यावर आलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, गोणपाटांसकट, कंदिलावरच्या करंडीसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. दुसरा बूट पायातच होता.

"कधी गेली?"

"पितृपक्षात."

"कुठल्या?"

"मागच्याच. भाद्रपदात."

"छे," म्हणाले. एकदम शांतपणे. मग ट्रंक उघडली, कपड्यांखालून माझी तिन्ही पत्रं काढली आणि ओटीवर एकाशेजारी एक उलगडून ठेवली. "मग हे काय?"

मी ती पत्रं पाठवल्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. अक्षर माझं आणि मजकुराखाली गेरूची तीन बोटं. दोन लांब, मधलं बुटकं. पहिल्यावरची खूण घडीच्या दुसऱ्या बाजूलाही उमटलेली. दुसऱ्यावरची फरफटलेली. तिसऱ्या पत्रात, जिथे मी सासूबाईंचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, तिथे ती सगळ्यात ठळक होती.

"मी नाही केल्या," मी म्हटलं.

मामंजी परत येऊन दारात उभे होते. "तू तर केल्या म्हणालीस."

"खोटं बोलले. मला वाटलं, तुम्ही केल्यात."

"मी? मी कशाला हात लावू? मी तर तुझ्यावरच सोडलं होतं."

आम्ही तिघं त्या पत्रांकडे बघत राहिलो. कुणी कुणाला खोटं ठरवायचं, तेच कळेना.

हे रागावतील, ओरडतील, मला माहेरी पाठवतील, अशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. चार महिने त्याच भीतीत काढले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्यावर रागावू तरी कसा? तू लिहिलेल्याखाली आईनं सही केलीय." त्यांनाही ते पटलेलं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नसावं. उठून अंघोळ केली, सुतकाचं जे काय उरतं ते गुरुजींना विचारून केलं. सगळं व्यवस्थित केलं. डोळ्यातून टिपूस मात्र आलं नाही.

आता माझी बाजू तपासून घ्या, मीही खूप तपासलीय. पहिल्या पत्राचं मामंजींवर ढकलता येईल. त्यांनी मरेपर्यंत नाही म्हटलं, पण ढकलता येईल. दुसऱ्याचं? पोस्टमास्तरांना सासूबाईंची खूण माहीत होती, पण तो भला माणूस बंद पत्र फोडून गेरू फासत बसेल का? तिसऱ्याच्या वेळी क्वार्टरमध्ये गेरू होता, हेही कबूल करते, आईने तुळशीवृंदावन रंगवायला आणलेला. तो मी हातात घेतल्याचं आठवत नाही. हे स्वतःच खुणा करून घेत होते म्हणावं, तर मोर्च्यावर गेरू कुठून आला आणि तुटक्या बोटाचा ठसा कसा जमला, काही मेळ लागत नाही. माझी एक विद्यार्थिनी पुढे मनाची डॉक्टर झाली. ती म्हणते, "बाई, दुःखात माणूस काही गोष्टी करतो आणि नंतर त्याला आठवत नाहीत." असेलही. मी नंतर मधलं बोट दुमडून कितीदा तरी तशी खूण काढून बघितली. पेराचा वेडावाकडा ठसा उमटतो, त्यांच्यासारखी ती गोल बुटकी खूण येत नाही. पण तीही मी भानावर असताना काढलेली, म्हणजे त्यावरून सिद्ध काय होतं?

सगळ्यात जास्त गोंधळ ह्यांचा झाला. फौजेतून परत आले, वाडी सांभाळली, मुलं झाली, मी शिकून नोकरीला लागले. हसतखेळत राहिले. पण कुणी सहज विचारलं, "आई कधी वारल्या तुमच्या?" की हे म्हणायचे, "नक्की नाही सांगता येणार." लोकांना वाटायचं, काय मुलगा आहे. श्राद्धाला बसायचे ते दुसऱ्या कुणाच्या घरच्या कार्याला बसल्यासारखे. पत्रांपैकी दोन वाळवीने खाल्ली. तिसरं त्यांनी पत्र्याच्या डबीत घालून कपाटात ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, त्यात सगळं आलं. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे जागे होते.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"त्या खुणा तूच केल्या होत्यास ना? तेव्हा बाबा दारात उभे होते, घाबरून नाही म्हणालीस."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी आईसाठी रडलोच नाही गं," ते म्हणाले. "रडू यायला लागलं की ती खूण डोळ्यांपुढे येते. वाटतं, आपण रडतोय आणि ती गेलीच नसेल तर? सगळा जन्म असाच गेला. आता मला एकदा नक्की कळू दे."

त्या जानेवारीत मी मनाशी ठरवलं होतं की या माणसाला परत कधी खोटं सांगायचं नाही. साडीच्या किमतीसुद्धा खऱ्या सांगितल्या.

"हो," मी म्हटलं. "मीच केल्या."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि मधलं बोट?"

"दुमडून धरलं होतं."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांना पटलं, की पटल्यासारखं केलं, मला कळलं नाही. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि रडायला लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, "आई, आई" करत, लहान मुलासारखा हुंदके देऊन. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले. चहा निवून गेला. रडणं ओसरल्यावर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आठ दिवसांनी ते गेले.

मी त्या खुणा केल्या नव्हत्या. निदान मला तरी तसं आठवतं. पण ह्यांना 'हो' म्हटल्यापासून माझीच खात्री ढळलीय. कधी वाटतं, खरंच मी केल्या असतील, गेरूचा तो ओला थंड स्पर्शसुद्धा बोटांना आठवायला लागतो. तो खरा आठवतो की ह्यांना सांगताना मी तयार केला, याचा उलगडा होत नाही. तिसरं पत्र अजून त्याच पत्र्याच्या डबीत आहे. ते उघडून खूण नीट बघायला, भिंग लावून मोजायला, पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. ती बुटकी खूण सासूबाईंचीच निघाली, तर मरणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं. आणि माझी निघाली, तर ते सारा जन्म ज्यासाठी अडून राहिले, ते मीच केलेलं होतं. ह्यांच्या माघारी मी कितीदा तरी कपाटाशी जाते, किल्ली लावते आणि तशीच परत येते.